'स्ट्रीट', 'पेग', 'पार्ट': बीएमएक्सचे शब्द मराठीत कसे आणावेत?

प्रश्न
न्यूयॉर्कच्या एका बीएमएक्स (छोट्या सायकलींवरच्या शर्यती आणि कसरतींचा खेळ) रायडरच्या मुलाखतीला मराठी सबटायटल्स करते आहे. आपण 'स्ट्रीट' करतो, 'पार्क' नाही, असं तो वारंवार सांगतो. 'रस्त्यावरची सायकलिंग' म्हटलं तर अर्थ जातो, कारण तो रस्त्यावर फारसा दिसतच नाही. पायऱ्या, कठडे, इमारतींबाहेरचे ओटे, यांवरच सगळा खेळ. 'पेग', 'ग्राइंड', 'पार्ट' हे शब्दही अडले आहेत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद
'स्ट्रीट' तसाच ठेवा, ते एका शाखेचं नाव आहे. १९७०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात मुलं मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतींची, नक्कल करत छोट्या सायकली मातीत पळवू लागली, ते रेसिंग. पुढे फ्रीस्टाइल, म्हणजे कसरतींची शाखा, आली आणि तिला फाटे फुटले: रॅम्पवरची पार्क, मातीच्या उंचवट्यांवरची डर्ट, सपाट जमिनीवरची फ्लॅटलँड आणि स्ट्रीट. स्ट्रीटमध्ये सायकलसाठी म्हणून काहीच बांधलेलं नसतं. जिना उतरताना आधार हवा म्हणून कोणी कठडा लावलेला असतो, बसायला कोणी कट्टा बांधलेला असतो. रायडर त्यातून स्वतःची वाट काढतो. मला या खेळाचं सगळं मोल इथेच वाटतं.

म्हणून जागांची नावं मराठीच वापरा. 'लेज' म्हणजे आपला कट्टा, 'हँडरेल' म्हणजे जिन्याचा कठडा. वाचकाला जागा लगेच डोळ्यांसमोर दिसेल.

'पेग' मात्र नको. मराठी वाचकाला आधी दारूच आठवते. चाकाच्या आसाच्या (एक्सलच्या) टोकाला बसवलेली ती बोटभर लांबीची जाड नळी. पहिल्यांदा तसं लिहा, पुढे 'खुंटी' चालेल. 'ग्राइंड'साठी 'घसरणे' घेऊ नका, त्यात तोल गेल्याचा भाव आहे. 'खुंटीवर घासत जाणे' यात हेतू दिसतो. प्रकारांची नावं मूळचीच ठेवून एकदा उलगडा: मागची खुंटी घासते आणि पुढचं चाक कट्ट्यावर चालतं ते 'फीबल', पुढची खुंटी घासते आणि मागचं चाक कट्ट्यावर चालतं ते 'स्मिथ', नुसत्या मागच्या खुंटीवर तोललं की 'आइसपिक'.

प्रतिसाद
वरच्या सगळ्याशी सहमत. 'पार्ट'बद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण तिथे फसगत होऊ शकते. आपल्याकडे 'नाटकात पार्ट केला' म्हणजे भूमिका केली. बीएमएक्समध्ये पार्ट म्हणजे व्हिडिओतला एकाच रायडरचा सलग तुकडा: काही मिनिटांचा, बहुधा स्वतंत्र गाण्यावर बसवलेला. त्यासाठी कित्येकदा वर्ष-दोन वर्षं चित्रण चालतं. दिवसभर पडत-उठत शेवटी काही सेकंदांची एक क्लिप हाती लागते. शेवटची, सर्वांत अवघड क्लिप म्हणजे 'एंडर'. व्हिडिओतला शेवटचा पार्ट मिळणं हाही मान समजतात.

या शाखेत नाव होतं ते मुख्यतः व्हिडिओतून, हे सबटायटल्समध्ये जपायला हवं. स्पर्धा आहेत: २००८मध्ये एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत बीएमएक्स स्ट्रीटचं सुवर्ण गॅरेट रेनॉल्ड्सने जिंकलं. ऑलिम्पिकमध्ये २००८ला रेसिंग आणि टोकियोत पार्क आलं, स्ट्रीट नाही. पण १९९४पासून 'प्रॉप्स'सारखी व्हिडिओ मॅगझिन्स व्हीएचएस कॅसेटवर फिरत होती. कोणत्या शहरात कोण काय करतोय, हे मुलांना त्यातूनच कळायचं.

माझं मत: 'पार्ट' ठेवा, पण पहिल्या वेळी 'व्हिडिओतला त्याचा पार्ट' असं पूर्ण लिहा. चित्रण करणाऱ्या 'फिल्मर'ला 'छायाचित्रकार' करू नका. तो बहुधा स्वतःही रायडर असतो, आणि फिशआय लेन्स (खूप रुंद दृश्य टिपणारी भिंग) घेऊन चाकाच्या इतका जवळ जातो की कधी सायकल त्याच्या अंगावर येते.

प्रश्नकर्ती
फार उपयोग झाला. आणखी एक: 'रायडिंग अपॅरल'ला 'सायकलिंगचे कपडे' चालेल?

प्रतिसाद
नाही. पुण्यात रविवारी सकाळी घाटाकडे निघालेल्या मंडळींचे घट्ट, गादी लावलेले कपडे डोळ्यांसमोर येतील. स्ट्रीट रायडर टी-शर्ट, जीन्स आणि सपाट तळाचे बूट घालतो. तळ सपाट आणि मऊ असला की पेडलवर पकड मिळते. साखळी बहुतेकांची उजवीकडे असते, म्हणून उजवा पायचा दुमडलेला दिसतो. 'रायडिंगचे कपडे' पुरेसं आहे. त्यावरच्या कंपनीच्या नावाचं भाषांतर करू नका. खुंट्या आणि टी-शर्ट विकणाऱ्या न्यूयॉर्कच्या 'अ‍ॅनिमल'सारख्या कंपन्यांनीच अनेक व्हिडिओ काढले, त्यामुळे रायडरने कोणाचा शर्ट घातलाय हे पाहणाऱ्याला महत्त्वाचं असतं.