मेदांश, स्निग्धांश की सरळ फॅट?

कोपरखैरणेकर: बाबांच्या लिव्हरचा एमआरआय झाला. रिपोर्टात 'प्रोटॉन डेन्सिटी फॅट फ्रॅक्शन १४ टक्के'. बाबांनी अर्थ लावला, 'लिव्हर चौदा टक्के गेलं!' याला मराठीत काय म्हणावं? 'मेदांश' चालेल?

नौपाड्याचा नाना: 'स्निग्धांश' तयारच आहे की, दुधाच्या पिशवीवर छापलेला असतो. पण डेअरीवरही कोणी स्निग्धांश म्हणत नाही, 'फॅट किती लागली' असंच विचारतात. बाबांना तेच सांगा.

घणसोली: स्निग्धांश खाण्याच्या पदार्थाचा, शरीरातला तो मेद. 'मेदांश'ला माझं मत. मात्र 'काळजातली चरबी' म्हणू नका. मटणवाल्याकडे काळीज म्हणजे यकृतच, पण घरात लोक छातीला हात लावतील.

वर्तकनगर (रेडिऑलॉजीत काम करते): शब्द कोणताही घ्या, टक्के कशाचे ते आधी ठरवा. पाण्यातले आणि चरबीतले प्रोटॉन (हायड्रोजनच्या अणूंची केंद्रं) किंचित वेगळ्या वारंवारतेने प्रतिसाद देतात, १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर फरक साधारण २२० हर्ट्झ. त्यावरून दोघांचे सिग्नल वेगळे काढतात. दोन्ही मिळून शंभर धरले, तर चरबीचा वाटा चौदा. वजनाचे टक्के नव्हेत, आणि बिघडलेल्या यकृताचे तर मुळीच नव्हेत.

नौपाड्याचा नाना: मग बायोप्सीच्या, म्हणजे यकृताचा तुकडा काढून तपासतात त्या, रिपोर्टातले टक्के?

वर्तकनगर: ते निराळे. तिथे चरबीचे थेंब दिसणाऱ्या पेशी किती, ते बघतात. ६६ टक्क्यांहून जास्त पेशी असल्या तर सगळ्यात वरची श्रेणी. तशा यकृताचा मेदांश एमआरआयवर २५ टक्क्यांच्या आसपासही असू शकतो. सोनोग्राफीच्या 'ग्रेड २'चा तर टक्क्यांशी संबंधच नाही, यकृत किती पांढरट दिसतं त्यावरून तो अंदाज. थोडी चरबी तिथे सुटूनही जाते. एमआरआयवर साधारण ५ टक्क्यांपासून पुढे फॅटी लिव्हर धरतात.

घणसोली: म्हणजे 'मेदांश' फक्त एमआरआयच्या आकड्याला, बायोप्सीला 'मेदयुक्त पेशींचं प्रमाण'. लांब आहे, पण घोळ होणार नाही.

कोपरखैरणेकर: पटलं. आणि फायब्रोसिस? तो या चौदात धरलाय का?

वर्तकनगर: नाही. फायब्रोसिस म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होणं. तो कडकपणा मोजायला एमआर इलॅस्टोग्राफी (एमआरआयवरच) किंवा फायब्रोस्कॅन (सोनोग्राफीसारखी तपासणी). सिरोसिस, म्हणजे फायब्रोसिसची शेवटची पायरी, पुढे गेला की चरबी ओसरू शकते, म्हणून नुसता मेदांश कमी दिसला तर डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. फायब्रोसिसला मी रुग्णांशी बोलताना 'आतले व्रण' म्हणते. 'तंतुमयता' एकदा वापरून पाहिला, समोरच्यांना तो भाजीतल्या फायबरचा फायदा वाटला.