एका कार्डावर दोन हाय रिफ्रेश मॉनिटर: १६५ मिळत नाही, कार्डही गरम

तापीकाठ (भुसावळ):
राम राम मंडळी. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, १२ जीबी. २७ इंची १४४०पी १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर एचडीएमआयवर आहे, तो १४४ च्या वर जात नाही. दुसरा २४ इंची १०८०पी १४४ हर्ट्झ. कार्डाला एचडीएमआय एकच, म्हणून तो डिस्प्लेपोर्टवरून कन्व्हर्टर लावून चालवतोय, तिथं फक्त ६० दिसतं. वर काही चालू नसतानाही कार्ड ५८ डिग्री आणि पंखा सुरू-बंद, सुरू-बंद. दुकानदार म्हणतो मोठं कार्ड घ्या. लागेल का?

मेहरूण (जळगाव):
भाऊ, कार्डाचे पैसे खिशातच ठेवा. दोन डिस्प्लेपोर्ट केबल आणा, काम झालं. १४४०पी १६५ ला ८ बिट रंगात सेकंदाला साधारण १६.४ गिगाबिट लागतात. तुमच्या मॉनिटरचं एचडीएमआय बहुतेक २.० असणार, त्यातून खरे १४.४ च जातात, म्हणून गाडी १४४ ला अडते. डिस्प्लेपोर्ट १.४ मधून २५.९ जातात.
कन्व्हर्टरचं दुखणं वेगळं. स्वस्तातले १६५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉकचे (पिक्सेल पाठवायचा वेग) असतात, म्हणजे १०८०पी ला ६०. जरा बरे ३०० चे, त्यावर १२०. १४४ ला सुमारे ३३३ लागतो, तो त्यातून निघणारच नाही.
केबल दोन मीटरच्या आत, व्हेसा (डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणारी संस्था) सर्टिफाइड बघा. भलत्याच स्वस्त केबलीत २० नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते. तिच्यातून मॉनिटरचे ३.३ व्होल्ट उलटे कार्डात येतात आणि पीसी बंद केला तरी मदरबोर्डावरचे लाइट मिणमिणत राहतात, कधी पीसी चालूच होत नाही.
केबल बदलली तरी विंडोज ६० वर बसलेलं असू शकतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. वर मॉनिटर निवडायची यादी असते, दोघांचं वेगवेगळं करावं लागतं. निम्मे लोक एकाचंच करून बसतात.

पांझरा (धुळे):
गरम का, ते सांगतो. कार्ड मेमरीचा क्लॉक बदलतं ते दोन फ्रेममधल्या रिकाम्या क्षणात. एक मॉनिटर १६५ वर, दुसरा १४४ वर, म्हणजे दोघांचा तो क्षण जुळत नाही. मग ड्रायव्हर मेमरी पूर्ण वेगातच ठेवतो. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी क्लॉक बघा. रिकाम्या डेस्कटॉपवरही तो खाली उतरत नसेल तर हेच कारण.
आधी दोन्ही १४४ करून बघा. नाही उतरला तर दोन्ही १२०. तरी नाही, तर छोटा ६० वर. रिझोल्यूशन वेगळं असल्यानं पहिल्याच फटक्यात जमेल असं नाही. पंख्याला कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग, ते सेटिंग) लावून किमान ३० टक्के ठेवा, सुरू-बंद थांबेल. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच चाळिशीला टेकते, तेव्हा ५८ ला घाबरायचं कारण नाही.

तापीकाठ (भुसावळ):
केबल उद्या आणतो. अजून एक: छोट्यावर व्हिडिओ लावला की मोठ्यावरचा गेम अडखळतो. तेही केबलमुळेच?

मेहरूण (जळगाव):
नाही. विंडोज १० ची ‘२००४’ (हे साल नाही, आवृत्तीचा नंबर) च्या आधीची आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा, तिच्यात वेगवेगळ्या रिफ्रेशचा घोळ होता. जी-सिंक (मॉनिटरचा रिफ्रेश गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) फक्त फुल स्क्रीनला चालू ठेवा, विंडोवाल्याला नको. आणि गेमला फ्रेम लिमिट लावा, १६५ ला १६०. पण तुमचा गेम ११० च देत असेल तर १६० चा काही उपयोग नाही, १०० लावा. कार्ड ९९ टक्क्यांवर पळत असलं की ब्राउझरला वाटा मिळत नाही आणि दोन्हीकडे झटके बसतात.

पांझरा (धुळे):
यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर बघा, तो साधारण ३६० वॉटच देतो. कार्ड एकटं १७० पर्यंत खातं, वर प्रोसेसर आणि दोन मॉनिटर. गेम चालू असताना बत्ती गेली की यूपीएस टूंऽऽ करून बसतो. छोटा मॉनिटर यूपीएसच्या बाहेर, भिंतीवरच्या साध्या स्विचबोर्डावर लावा.