ताजमध्ये एक रात्र राहायचंय, पॅलेस विंग घ्यावी की टॉवर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईबाबांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे, त्यांना मुंबईत कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये एक रात्र ठेवायचं मनात आहे. बाबांची नोकरी अलिबागची, मांडव्याची लाँच पकडायला गेटवेवर उभं राहून त्यांनी ते हॉटेल कायम बाहेरूनच पाहिलंय, आत कधी पाय ठेवला नाही.

आता अडलंय ते खोलीवर. टॉवरमधली खोली स्वस्त पडते, पण तो सत्तरच्या दशकातला, आणि बाबांच्या डोळ्यांसमोर आहे ती 1903 ची घुमटाची जुनी इमारत. पॅलेस विंगचा दर बराच वर जातो आणि त्यातही समुद्राकडची खिडकी हवी तर अजून वेगळे पैसे. शिवाय रात्रीचा दर साडेसात हजारांच्या वर गेला की 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे साइटवर दिसणाऱ्या आकड्यात तेवढे धरूनच चालायचं. ज्यांनी दोन्हीकडे राहून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा, टॉवरमध्ये उतरलेल्यांना जुन्या बाजूचा तो मोठा जिना, व्हरांडे वगैरे निवांत फिरून बघता येतात का? तसं असेल तर टॉवरमध्ये वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली घेऊन वाचलेल्या पैशात सी लाउंजमध्ये खिडकीजवळ संध्याकाळचा चहा, असा विचार चाललाय.

व्ह्यूबद्दल इतकं खोदून विचारतेय कारण मागे एका मोठ्या हॉटेलात (नाव नको) लेक व्ह्यूचे जास्तीचे पैसे घेतले आणि पडदा सरकवला तर समोर जनरेटरचं पत्र्याचं छत, तळं बघायचं तर काचेला गाल टेकवून डावीकडे मान काढायची. इथे बुकिंग करताना फोनवर नेमकं काय विचारून घ्यावं?

भाऊ म्हणतो त्याच पैशात मरीन ड्राइव्हवरच्या चांगल्या हॉटेलात दोन रात्री होतील, आणि त्याचा हिशोब बरोबरच आहे. पण मला वाटतं बाबांना नुसती गुबगुबीत गादी नकोय, त्यांना त्या खिडकीतून खालची लाँच बघायचीय, आणि ते दुसरीकडे मिळणार नाही.

अजून एक, आईचे गुडघे दुखतात. नाश्ता खोलीत मागवला तर वेगळा चार्ज लागतो का? आणि अशा कारणासाठी चेकआउट बारानंतर थोडं लांबवून देतात का, की आधीच मेल करून ठेवावी? बुकिंग याच आठवड्यात करायचंय.