एकट्या पालकाने मुलांना घेऊन टेंटमध्ये राहायला जावं का?

दोन पोरांची आई (मूळ पोस्ट)

मागच्या डिसेंबरात मी माझ्या दोन मुलांना घेऊन भंडारदऱ्याला टेंटमध्ये २ रात्री राहून आले. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५. घरात मोठं माणूस मी एकटीच, घटस्फोटाला ४ वर्षं झाली. परत आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, माहेरी सगळीकडे एकच, "अगं पण एकटीने कशाला?" मला वाटतं एकट्या पालकाने तर आवर्जून जावं. पण आधी काय काय झालं ते सांगते.

जागा काही रानातली नव्हती. शेंडी गावाच्या पुढे धरणाच्या कडेकडेने गेलं की गावातले लोक आपल्या वावरात टेंट लावू देतात, आम्ही ज्यांच्या वावरात होतो त्या आजींचं घर पन्नास पावलांवर, संडास त्यांचाच, जेवण त्यांच्या चुलीवरचं, नागलीची भाकरी आणि पिठलं. समोर पाणी आणि पलीकडे रतनगड.

टेंट मुलाने आणि मी मिळून उभा केला, पोरगं इतकं खूष की खुंट्या ठोकायच्या आधीच आम्ही बॅगा आणायला गाडीकडे गेलो, तेवढ्यात वारा आला आणि टेंट उठला तो गडगडत निघाला बांधावरून खाली, दोन्ही पोरं मागे, मी त्यांच्या मागे, आणि आजींचा नातू चौथा. भातकापणी झालेलं वावर, पायाखाली सगळे बुडखे. तो टेंट करवंदाच्या जाळीत अडकला म्हणून मिळाला, नाहीतर धरणातच गेला असता. एका बाजूला वीतभर फाटला. आजींनी गोधडीची सुई-दोरा काढून तिथेच शिवून दिला, तो टाका अजून तसाच आहे.

रात्री २ वाजता धाकटीला शू लागली. आता ज्यांच्या घरात दोन मोठी माणसं आहेत त्यांना यातला पेच कळणार नाही. तिला एकटी पाठवता येत नाही, तिला घेऊन जावं तर मोठा टेंटमध्ये एकटा. लहानपणचं ते वाघ, शेळी आणि गवताच्या भाऱ्याचं कोडं असतं ना, तस्संच. शेवटी मोठ्याला उठवला. तो म्हणे मला थंडी वाजते, मी स्लीपिंग बॅगमधून बाहेर येणार नाही. मग तो बॅगेतच उभा राहून पोत्याच्या शर्यतीसारख्या उड्या मारत, धाकटी माझ्या कडेवर, टॉर्च माझ्या दातात, असे आम्ही तिघं पन्नास पावलं गेलो. दारात पोचलो आणि ती म्हणाली, "आई, आता नाही आली."

आणि पहाटे टेंटच्या कापडावर आवाज सुरू झाला. खस्स... खस्स... कोणीतरी ओढून घासतंय असा, आणि मोठा फुसकारा. मुलगा माझ्या कानात म्हणाला, "बिबट्या." खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. दोघांना मिठीत घेऊन बसले, आजींना फोन लावला तर रेंज नाही. कापड आतल्या बाजूला फुगायचं, ओलं व्हायचं, परत मागे जायचं. मग धाकटीने त्या फुगलेल्या जागी हात लावला आणि म्हणाली, "गरम आहे. हे चाटतंय." पाच वर्षांच्या पोरीने ओळखलं. चेन दोन बोटं उघडली तर बाहेर डांगी गाय, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आमचा टेंट चाटत होती. आजी आल्या, म्हणाल्या, "चांदी हाय ती. मीठ आवडतं तिला, घामाच्या वासाला येती." मग मुलगी चांदीच्या पाठीवर हात ठेवून अर्धा तास उभी होती. जी पोरगी घरी पालीला घाबरून बाथरूमला जात नाही ती.

तर माझं म्हणणं हे, की ज्या घरात बाबा नाही किंवा आई नाही तिथल्या मुलांना सारखं जे नाही त्याच्याच गोष्टी ऐकायला मिळतात. आमच्या तिघांची स्वतःची अशी गोष्ट आता आहे. तुम्हाला काय वाटतं?

नर्सताई

किस्से वाचताना खूप हसले, उड्या मारत जाणारा मुलगा तर डोळ्यासमोर आला. पण मी ग्रामीण भागात रात्रपाळ्या केल्यात म्हणून स्पष्ट बोलते, माझा विरोध आहे. मुलांची काळजी तुम्ही घ्याल हो, त्यात शंका नाही. तुम्हालाच काही झालं तर? मण्यार रात्रीच हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, बोलता येत नाही. शेजारी दुसरं मोठं माणूस असेल तर त्याच्या लक्षात येतं. ९ वर्षांच्या पोराला वाटेल आई झोपलीये. विंचवाचं तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे लाल विंचवावर प्राझोसिन वापरायला लागले आणि कितीतरी जीव वाचले, पण औषध वेळेवर पोचलं तर ना. आणि तुम्हीच लिहिलंय रेंज नव्हती.

वारजेकर बाबा

पत्नी जाऊन ६ वर्षं झाली, मुलगी ११ ची. मी पवनेच्या काठी, राजमाचीला, सगळीकडे तिला एकटा घेऊन जातो. नर्सताईंचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच निघायच्या आधी आमच्याकडे परीक्षा असते. १०८ कशासाठी, ११२ कशासाठी, फोन लॉक असताना इमर्जन्सी कॉल कसा लावायचा, आपण कुठल्या गावात आहोत, कोणाच्या घराशेजारी आहोत, हे सगळं तिने पाठ म्हणून दाखवायचं. दाखवलं तर गाडी हलते.

आमचा किस्सा केसांचा. मोकळे केस सोडून गवतात लोळली, संध्याकाळी डोकं म्हणजे कुसळांचं घरटं. मला तोवर फक्त पोनी बांधता येत होती. कंगवा लावला की ती किंचाळायची, आजूबाजूच्या टेंटमधले लोक बघायला यायला लागले, कोणाला वाटलं मी मारतोय. शेवटी स्वयंपाकाच्या ताईंनी खोबरेल दिलं आणि सांगितलं, खालून वर जा, टोकापासून. २ तास लागले. त्या २ तासांत ती शाळेबद्दल, आईबद्दल जेवढं बोलली तेवढं वर्षात बोलली नव्हती. वेणी घालायला मी त्या रात्री शिकलो, तेव्हापासून रोज मीच घालतो.

कोल्हापूरची लेक

मीही एकटी आई आहे आणि तरी माझं मत नर्सताईंकडे. कारण वेगळं आहे. मुलाच्या ताब्याची केस अजून चालू आहे. माझा मुलगा मागच्या वर्षी बागेत, घरापासून दोन मिनिटांवर, घसरगुंडीवरून पडला, हनुवटीला ३ टाके. ते टाके समोरच्या अर्जात आले, आई निष्काळजी म्हणून. नवरा-बायको दोघं असताना पोरगं पडलं तर लोक म्हणतात पोरंच ती, पडणारच. एकटीच्या हातून पडलं की आईच चुकली. तुमचा टेंट उडाला ते वाचून मला हसू नाही आलं, मला त्या बांधावरून धावणाऱ्या पोरांचे गुडघे दिसले. ज्यांचं सगळं मिटलंय त्यांनी जावं, पण एकट्या पालकाने आवर्जून जावं असं सरसकट नका म्हणू.

दोन पोरांची आई

कोल्हापूरच्या ताई, हे मान्य. आवर्जून हा शब्द मी मागे घेते, माझी केस मिटून ४ वर्षं झाली म्हणून मला हे सुचलंच नाही.

नर्सताई, हिवाळा मी मुद्दाम निवडला, साप पावसाळ्यात जास्त निघतात म्हणून. चेन सतत बंद, बूट टेंटच्या आत आणि घालायच्या आधी झटकायचे, खाण्याची एकही पुडी आत नाही. पण "तुम्हालाच काही झालं तर" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते खरं. पण मग घरी तरी काय वेगळं आहे? रात्री मला काही झालं तर घरातही ही दोघंच असतात आणि दार आतून बंद. तिथे निदान पन्नास पावलांवर आजी होत्या.

धुळ्याचा

कितीही सांगा, पाण्याच्या कडेला एका माणसाने दोन पोरं सांभाळणं शक्य नाही. २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातली ५ माणसं वाहून गेली, त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ बघितल्यापासून मी पोरांना धरणावर नेणं बंद केलं.

वारजेकर बाबा

तो व्हिडिओ मीही विसरू शकत नाही. पण दादा, तिथे मोठी माणसं बरोबर होती. पाऊस वर कुठेतरी पडला आणि पाणी अचानक वाढलं, तिथे आणखी दोन माणसं असती तरी काय केलं असतं. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही हा नियम चौघांनाही तोच आणि एकट्यालाही तोच. धरणाच्या काठी मी मुलीला घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देत नाही, तळाचा भरवसा नसतो. रडली तरी नाही.

धुळ्याचा

घोट्यापर्यंत म्हणता म्हणता पोरं कमरेपर्यंत जातात, तुम्ही केसातली कुसळं काढत बसलात की दुसरं पोरगं कुठे आहे? तुम्हाला एक आहे म्हणून जमतं. मी माझं मत बदलणार नाही.

नर्सताई

मूळ पोस्टवाल्या ताई, घरी पण हीच दोघं असतात हे तुमचं वाक्य दुपारपासून डोक्यात आहे. मी स्वतः रात्रपाळीला जाताना १० वर्षांच्या मुलीला शेजारच्या काकूंच्या भरवशावर ठेवते आणि इथे तुम्हाला शिकवतेय. टेंटला माझा विरोध आहेच, जमिनीवर झोपायचं नाही हे मी कोणालाही सांगीन. पण आजींच्या पडवीत खाटेवर झोपायला मिळत असेल तर मी आणि लेक येऊ शकतो. दोन मोठी, तीन लहान. तुमच्या त्या कोड्यात होडी तरी दोन होतील.

दोन पोरांची आई

आत्ताच आजींना फोन केला. खाटा दोन आहेत, एकीचा काथ्या ढिला झालाय तो ताणून ठेवते म्हणाल्या. चांदी व्यायलीये, कालवड झालीये. धाकटी फोन सोडायला तयार नव्हती, कालवडीचं नाव ठेवलं का एवढंच विचारत होती. नाही ठेवलं अजून, तुमची वाट बघते म्हणाल्या. जानेवारीचा दुसरा शनिवार चालेल का?