आधी कापड, मग सुई, मग मशीन

सी-५०२: नमस्कार सोसायटीकर मंडळी. शिवणाचा क्लास लावलाय. मशीन, कात्री, कापड सगळंच घ्यायचंय आणि शनिवारी कापडबाजारात जायचं ठरवतेय. घरी शिवणारं कुणी असेल तर सांगा ना. मशीन साधं घेऊ की कॉम्प्युटरवालं?

ए-३०३: चाळीस वस्तूंचा शिवणसंच ऑनलाइन मिळतो. एकदम सगळं येतं. लिंक देऊ का?

बी-२०४ काकू: राहू दे रे. त्या डब्यातली कात्री कापड कापत नाही, चावते. अगं सी-५०२, आधी सांग, शिवणार काय आहेस?

सी-५०२: आधी उशीचे अभ्रे आणि जाड कापडाच्या पिशव्या. मग शर्ट. जमलं तर मुलीसाठी होजिअरीचे मऊ टी-शर्ट.

बी-२०४ काकू: मग उत्तर सोपं झालं. नुसतं सुती शिवणार असतीस तर सरळ टिपेचं लोखंडी मशीन आयुष्यभर पुरलं असतं. पण होजिअरी ताणली जाते, सरळ टीप ताणली जात नाही. मुलीनं गळ्यातून टी-शर्ट घातला की दोरा तटकन तुटणार. तुला झिगझॅग, म्हणजे नागमोडी टीप, हवीच. तीच काजाला कामी येते, आणि कापडाच्या दशा सुटू नयेत म्हणून कडेलाही मारता येते. सरळ, झिगझॅग, काज. बास. शंभर नक्षीचे टाके दाखवतील, त्यांना भुलू नकोस. त्यापेक्षा टाक्याची लांबी आणि रुंदी दोन्ही हातानं बदलता येतात का ते बघ.

ए-७०१ ताई: आणि दुकानातल्या कापडावर टीप बघून मशीन पसंत करू नकोस. ते कापड मुद्दाम कडक असतं, त्यावर कुठलंही मशीन सुंदर चालतं. घरून तुकडे ने: पातळ सुती, होजिअरी, आणि चार पदरी घडी केलेलं जाड कापड. वर एका रंगाचा दोरा, बॉबिनला, म्हणजे खालच्या छोट्या रिळाला, दुसऱ्या रंगाचा. टीप झाली की दोन्ही बाजू बघ. वरचा रंग खाली डोकावत असेल किंवा खालचा वर, तर दोऱ्याचा ताण बिघडलाय. दुकानदाराला तो जुळवून दाखवायला सांग. दोन दोऱ्यांची गाठ कापडाच्या पदरांमध्ये दडली पाहिजे.

सी-५०२: ताई, जुनं मशीन घेतलं तर?

ए-७०१ ताई: चांगलं मिळालं तर जरूर घे. चाक हातानं फिरवून बघ, कुठे अडकतंय का. बॉबिन आणि ती बसते ती डबी, बॉबिन केस, त्याच मॉडेलचे बाजारात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचार. दिसायला सारख्या दोन बॉबिनच्या उंचीत जरासा फरक असला तरी टीप बिघडते.

ए-३०३: सुया तर सगळ्या सारख्याच असतात ना, काकू?

बी-२०४ काकू: नाही रे बाबा, खरी गोम तिथेच आहे. मशीन नीट चालत नाही म्हणून लोक कारागिराला बोलावतात आणि तो नुसती सुई बदलून जातो. नीट सांगते.

पाकिटावर ८०/१२ असे दोन आकडे असतात. ८० म्हणजे सुईची जाडी ०.८ मिलिमीटर. १२ हा त्याच जाडीचा जुन्या पद्धतीचा नंबर. तलम कापडाला ६०/८ किंवा ७०/१०. शर्टाच्या सुती कापडाला ८०/१२. पिशवीच्या जाड कापडाला ९०/१४, आणि जीन्सचं कापड असेल तर १००/१६. होजिअरीला मात्र नंबर बदलून भागत नाही, सुईची जातच बदलावी लागते. होजिअरी म्हणजे एकमेकांत अडकवलेले फासे. टोकदार सुई तो धागा तोडते, मग बारीक भोकं पडतात आणि धुतल्यावर मोठी होतात. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असतं, ती फासे बाजूला सारून आत जाते.

मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं, बघितलंस का? सुई खाली जाऊन जराशी वर आली की नेढ्यामागे दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो. खालचा हुक तो पकडतो आणि बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतो, तेव्हा एक टाका पडतो. सुई वाकलेली, बोथट किंवा उलटी बसलेली असेल तर फासा हुकाच्या हाती लागत नाही आणि टाका सुटतो. म्हणून टाके सुटायला लागले की आधी सुई बदलायची, मग बाकीचं. साधारण आठ तास शिवण झालं की सुई गेली असं धर, चांगली दिसत असली तरी. आणि घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूनं चपटा असतो. कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा गोल असतो. ती घरच्या मशीनला चालत नाही, तेव्हा पाकीट उघडून बघूनच घे.

सी-५०२: काकू, हे तर क्लासमध्येही कुणी सांगितलं नाही 🙏 आणि दोरा?

बी-२०४ काकू: रीळ उजेडाकडे धर. दोऱ्यावर केस उभे राहिलेले दिसले तर घेऊ नकोस, तो भुसा बॉबिनखाली साचतो. रोजच्या कपड्यांना पॉलिस्टरचा दोरा घे, मजबूत असतो. रंग जुळवताना रीळ कापडावर ठेवून ठरवू नकोस, एक पदर सोडवून कापडावर टाक. सुटा दोरा रिळापेक्षा फिका दिसतो. दोन छटांमध्ये अडलीस तर गडद घे.

ए-७०१ ताई: कात्री मी सांगते. नऊ-दहा इंची, मूठ वर वाकलेली. खालचं पातं टेबलाला टेकून चालतं, कापड उचललं जात नाही. हातात धरून दुकानातच चार पदर टोकापर्यंत कापून बघ. बहुतेक कात्र्या मध्यात कापतात आणि टोकाला अडतात. तिनं कागद कधीच कापायचा नाही. कागदात खनिजाची पूड असते, ती धार घालवते. कागदाला वेगळी स्वस्त कात्री ठेव. तू डावखुरी आहेस ना? मग डावखुऱ्यांची कात्रीच घे. तिची पातीच उलट बसवलेली असतात. नुसत्या मुठी बदललेल्या कात्रीनं काम होत नाही.

सी-५०२: हो, डावखुरी आहे! अशी कात्री मिळते हेच माहीत नव्हतं.

ए-७०१ ताई: मिळते, पण दुकानात मागावी लागते. बाकी उसवायचं हत्यार, टाचण्या, खडू आणि टेप. टेप कापडी नको, वापरून लांबते. फायबरग्लासची घे आणि स्टीलच्या पट्टीशी एकदा ताडून बघ. इस्त्रीनं पुसली जाणारी पेनं मिळतात, त्यांची खूण थंडीत परत उमटू शकते. आधी चिंधीवर बघून घे.

डी-१०१ काका: उशिरा बघितलं. माझी सगळी नोकरी कपड्यांच्या कारखान्यात झाली, कापड तपासायचं काम होतं. कापडाबद्दल मी सांगतो.

पहिली गोष्ट पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. दुकानदार मीटरचा भाव सांगतो, पण ३६, ४४ आणि ५८ इंच पन्ह्याचे मीटर एकसारखे नसतात. ३६ इंची पन्ह्याचं तीन मीटर कापड म्हणजे ५८ इंचीचं जेमतेम १.८६ मीटर. तुकडे कसे बसतात त्यावर थोडं इकडेतिकडे होईल, पण भाव तुलना करताना पन्हा विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिवणाच्या नमुन्यात माप यार्डात लिहिलं असेल तर एक यार्ड म्हणजे ९१.४४ सेंटीमीटर.

दुसरं, हात लावा. कापड मुठीत दाबून अर्धा मिनिट धरा. सुरकुत्या राहिल्या तर शर्टातही राहणार. दोन पदर एकमेकांवर घासा. पांढरी पूड निघाली तर ती खळ आहे. धुतल्यावर ती जाईल आणि आज भरदार वाटणारं कापड जाळीसारखं होईल. ओला पांढरा रुमाल घासून बघा, रंग उतरला तर गडद-फिकं एकत्र शिवू नका. रंग निवडायचा तर कापड दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. दिव्याखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात.

तिसरं, छापील चौकडी किंवा रेघा असतील तर किनारीशी काटकोनात आहेत का ते ताका उलगडून बघा. छपाई तिरकी असेल तर कितीही नीट कापा, शर्ट तिरकाच दिसणार. यावर शिवणारा काहीच करू शकत नाही, म्हणून मी इतका आग्रह धरतो. मखमल आणि कॉर्डरॉयची लव एका दिशेला असते, सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात, तेव्हा कापड जास्त घ्या.

सी-५०२: काका, "शुद्ध सुती" म्हणतात ते खरं की नाही कसं ओळखायचं?

डी-१०१ काका: चार धागे मागून घ्या. घरी चिमट्यात धरून जाळा, खाली पाण्याची वाटी ठेवा. सुती कागदासारखं जळतं, राख मऊ. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेशीम आणि लोकर जळल्या केसांसारखा वास देतात. मात्र रेयॉनही सुतीसारखंच जळतं, त्यामुळे या परीक्षेला एवढी मर्यादा आहे. ते अंगावर सळसळत पडतं, त्यावरून अंदाज घ्या.

ए-३०३: शनिवारी गर्दी नसेल का?

डी-१०१ काका: भयंकर असेल. मधल्या वारी दुकानं उघडताच गेलात तर दुकानदाराला वेळ असतो, ताके उलगडून दाखवतो. मोठ्या बाजारात गल्ल्या वाटलेल्या असतात, एकीकडे ठोक, एकीकडे बटणं-लेस, एकीकडे कटपीस, म्हणजे ताक्यातले उरलेले तुकडे. ठोकवाला दोन मीटर देणार नाही, त्याच्या दारात वेळ घालवू नका. कटपीसमध्ये फार चांगला माल मिळतो, पण सबंध तुकडा मोजून, उजेडाकडे धरून, विरलेली जागा किंवा भोक नाही ना हे बघून घ्या. कापल्यावर परत घेत नाहीत. आणि लागेल तेवढं एकाच ताक्यातून, एकदमच घ्या. पुढच्या खेपेला तोच रंग म्हणून देतील, तो रंगाईच्या दुसऱ्या घाण्याचा असेल, शेजारी शेजारी ठेवला की फरक कळतो.

बी-२०४ काकू: बटणं, दोरा आणि कॉलरमध्ये घालायचं कडक बकरम शेवटी, कापड हातात आल्यावर. अगं, मग बुधवारी ये माझ्याबरोबर, मलाही अस्तर घ्यायचंय.

सी-५०२: नक्की काकू! कापड शिवण्याआधी धुवायचं ना? मग अस्तरही धुवायचं का?

बी-२०४ काकू: हो, दोन्ही. जसं पुढे धुणार तसंच आधी धुवायचं. तीन मीटर कापड पाच टक्के आटलं तर १५ सेंटीमीटर गेले, आणि अस्तर वेगळं आटलं तर शर्ट आतून ओढला जातो. म्हणून नेमक्या मापापेक्षा जरा जास्तच घे. बुधवारी साडेदहाला गेटपाशी. टेप आणि पांढरा रुमाल आण.

ए-३०३: मी पण येऊ का? मला पडदे शिवायचेत.

बी-२०४ काकू: ये की. खिडक्यांची मापं लिहून आण.