एमजीबी: वेबरआधी डिस्ट्रिब्युटरकडे पाहावे

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या १७९८ सीसी इंजिनाची ताकद कमी खर्चात वाढवण्यासाठी एसयू कार्ब्युरेटरांची (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागांची) जोडी काढून वेबर कंपनीचा मोठा कार्ब्युरेटर बसवावा, असे सुचवले जाते; ही सूचना मला घाईची वाटते. या इंजिनाच्या हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या भागात) चार सिलिंडरांना मिळून दोनच इनलेट पोर्ट, म्हणजे हवा-पेट्रोल आत येण्याचे मार्ग, आहेत. त्यामुळे केवळ मोठा कार्ब्युरेटर लावून खर्चाच्या मानाने फारसे हाती लागत नाही.

आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजावे आणि थंड इंजिनावर टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधले, अंतर ०.०१५ इंच ठेवावे. त्यानंतर डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरच्या स्पार्क प्लगला वेळेवर वीज पोहोचवणारा भाग) उघडून पाहावा, कारण त्यातील स्प्रिंग सैल पडल्या असतील किंवा व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल, तर स्पार्क योग्य वेळी पडत नाही आणि दोष मात्र बिचाऱ्या कार्ब्युरेटरला दिला जातो. एसयूचा थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप फिरवणारा दांडा) झिजून तिथून हवा आत शिरत असेल, तर तो आणि त्याची बुशे बदलावीत; नव्या वेबरपेक्षा हे खूपच स्वस्त पडते.

ॲम्बॅसडरचे १४८९ सीसी इंजिन एमजीबीच्या इंजिनाप्रमाणेच बी-सिरीज नावाच्या इंजिन-घराण्यातले असल्याने, त्यावर हात बसलेला जुना मेकॅनिक हे काम नीट करू शकेल. पैसे उरल्यास व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट नव्याने कापून घ्याव्यात.