मदत हवी आहे: २^३१ − १ च्या विभाजकांची ‘आठची अट’ दहावीच्या मुलांना कशी पटवून द्यावी?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. शाळा सुटल्यावर नववी-दहावीची काही मुले गणितासाठी थांबतात. कापूस वेचणीच्या दिवसांत ती कमी होतात, पण जी येतात ती कारण कळल्याशिवाय पुढे सरकू देत नाहीत. सध्या आम्ही २^३१ − १, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या घेतली आहे. ती मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागत बसावे लागू नये म्हणून त्याने दोन अटी वापरल्या.

पहिली अट अशी की तिचा कोणताही मूळ विभाजक ६२न + १ (न ही पूर्ण संख्या) या रूपाचाच असतो. फेर्माच्या छोट्या प्रमेयावरून (प ही विषम मूळ संख्या असेल तर २^(प − १) ला प ने भागल्यास बाकी १ उरते) हे मुलांना पटले; फळ्यावर २^११ − १ = २०४७ = २३ × ८९ मांडले, तेव्हा २३ आणि ८९ मधून १ वजा करताच २२ ने भाग जातो हे त्यांनीच हेरले.

अडले ते दुसऱ्या अटीशी: विभाजकाला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. त्यामुळे तपासण्याजोगी पहिली मूळ संख्या ३११ ठरते (तिने भागल्यास बाकी ३५ उरते), तर ३७३ ही ६२न + १ रूपाची मूळ संख्या असूनही भागाकार न करताच बाद होते, कारण ८ ने भागल्यास ५ उरतात. यावर एका मुलीने विचारले, “सर, पाच उरले तर काहून नाही चालत?”

प मूळ संख्येने २^३१ − १ ला भाग जात असेल, तर २^३२, म्हणजे २^१६ चा वर्ग, प ने भागल्यास बाकी २ उरते, इथपर्यंत मी सांगू शकलो. परंतु वर्गाची बाकी २ येणे फक्त १ आणि ७ वाल्या मूळ संख्यांनाच का जमते, याची माझ्याजवळची सिद्धता गॉसच्या लेमावर (एका साहाय्यक प्रमेयावर) उभी आहे आणि ती मुलांना झेपणारी नाही. केवळ बाक्यांच्या हिशेबाने होणारी सिद्धता आहे काय? ‘हे मानून चाला’ असे मला त्यांना सांगायचे नाही.

उत्तर:

नमस्कार सर, आहे. फेर्माच्या अवरोहणाच्या पद्धतीने, म्हणजे सर्वांत लहान उदाहरणाहूनही लहान उदाहरण काढून विसंगती दाखवण्याच्या पद्धतीने, ती होते. समजा, ८ ने भागल्यास ३ किंवा ५ उरणाऱ्या मूळ संख्यांपैकी काहींना हे जमते, आणि त्यांतील सर्वांत लहान प आहे. ज्याच्या वर्गाची बाकी २ येते तो य, प पेक्षा लहान आणि विषम घ्या. सम निघाला तर प − य घ्यावा. आता य² − २ = प × म, आणि म हा प पेक्षा लहान आहे. विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागल्यास १ उरतो, म्हणून प × म ची बाकी ७ येते. प ची बाकी ३ असेल तर म ची ५ आणि ५ असेल तर ३ हवी. परंतु १ आणि ७ बाकीच्या संख्यांच्या गुणाकाराची बाकी पुन्हा १ किंवा ७ च येते. तेव्हा म च्या एका तरी मूळ अवयवाची बाकी ३ किंवा ५ आहे. तो प पेक्षा लहान आहे आणि त्यानेही य² − २ ला भाग जातो. प सर्वांत लहान, या गृहीताशीच हे विसंगत आहे.

सिद्धतेआधी मुलांकडून ३, ५, ११ आणि १३ यांसाठी वर्गांच्या बाक्या काढून घ्याव्यात; त्यांत २ कुठेच येत नाही. २३ साठी मात्र ५ चा वर्ग आणि ८९ साठी २५ चा वर्ग लगेच सापडतो.